‘गॉन होम’ : वस्तू जागच्या जागी ठेवायला लावणारा खेळ

१९९५ सालच्या जून महिन्यातली मध्यरात्र उलटून गेलेली आहे, बाहेर धो धो पाऊस कोसळतो आहे आणि वर्षभर युरोपात भटकून आलेली कॅटलिन ग्रीनब्रायर अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या आपल्या घराच्या ओसरीवर सामान घेऊन उभी आहे. घर आपलेच असले तरी तिने ते यापूर्वी कधी पाहिलेले नाही, कारण ती परदेशात असतानाच आईवडील आणि धाकटी बहीण सॅम हे तिघे वडिलांच्या मामांनी मागे ठेवलेल्या या अवाढव्य वाड्यात राहायला आले. आत कोणीही नाही. दारावर सॅमची चिठ्ठी चिकटवलेली आहे : मी तुला भेटायला थांबू शकत नाही, मी कुठे आहे याचा शोध घेऊ नकोस, काळजी करू नकोस. ‘गॉन होम’ हा व्हिडिओ गेम इथून सुरू होतो आणि पुढच्या दोन-तीन तासांत आपण नेमके तेच करतो जे करू नकोस असे बहिणीने सांगितले आहे.

पोर्टलंडच्या ‘फुलब्राइट’ या छोट्या कंपनीने हा खेळ १५ ऑगस्ट २०१३ रोजी प्रसिद्ध केला. कंपनी उभी करणारी मंडळी त्याआधी ‘बायोशॉक २’ या गोळीबाराच्या खेळाच्या ‘मिनर्व्हाज डेन’ या पुरवणी भागावर काम करून आली होती. बंदुका, राक्षस आणि स्फोटांच्या दुनियेतून बाहेर पडून त्यांनी एक रिकामे घर बांधले आणि त्यात कॅसेट, वह्या, पावत्या, पत्रे आणि पुस्तकांचे खोके ठेवले. या घरात एकही माणूस चालता-बोलता दिसत नाही. मोजक्या लोकांच्या चमूला जिवंत माणसांची हालचाल रेखाटणे परवडणारे नव्हते, हे त्यामागचे व्यावहारिक कारण, पण त्या अडचणीतून पात्र उभे करण्याची जी पद्धत निघाली ती मला आजही या माध्यमातली सर्वांत प्रामाणिक पद्धत वाटते. एलजीबीटी माणसांचे चित्रण व्हिडिओ गेममध्ये कसे असावे, हा प्रश्न निघाला की मी बारा-तेरा वर्षे जुन्या झालेल्या या खेळाचेच नाव पुढे करते, आणि त्यामागचे कारण मांडण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. कथेचा शेवट आधी कळलेला ज्यांना आवडत नाही, त्यांनी इथे थांबावे, एका संध्याकाळी खेळ पूर्ण करावा आणि मग पुढे वाचावे.

सॅम सतरा वर्षांची आहे आणि तिचे वर्गाबाहेरच्या, वरच्या इयत्तेतल्या लॉनी नावाच्या मुलीवर प्रेम बसलेले आहे. कथानकाचा गाभा एवढाच. पण हे वाक्य खेळात कोणी आपल्याला सांगत नाही. ते आपल्याला घरातल्या वस्तूंमधून जोडत न्यावे लागते आणि मधूनमधून सॅमच्या आवाजात, कॅटलिनला उद्देशून लिहिलेल्या रोजनिशीची पाने ऐकू येतात. हा आवाज सेरा रॉबर्टसन या अभिनेत्रीचा आहे. पहिल्या पानात नव्या शाळेतल्या एकटेपणाबद्दल बोलणारी मुलगी, ओठांवरचे हसू लपवत लॉनीचे नाव पहिल्यांदा घेणारी मुलगी आणि शेवटच्या पानांमधली रडून आवाज बसलेली मुलगी ही एकच व्यक्ती आहे, यावर क्षणभरही शंका येत नाही, इतके ते काम संयत झाले आहे.

पात्ररचनेच्या दृष्टीने खेळातला सर्वांत सुंदर भाग मात्र रोजनिशीचा नाही. लहानपणी सॅम एका समुद्री कप्तानाच्या गोष्टी लिहीत असे. अलेग्रा नावाची शूर कप्तान आणि तिचा उजवा हात असलेला जहाजावरचा सहकारी, अशी ती जोडी आहे. या गोष्टींचे कागद घरभर वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात, अक्षर हळूहळू वळणदार होत जाते, आणि एका टप्प्यावर तो सहकारी जादूने स्त्री होतो. कोणतेही पात्र यावर टिप्पणी करत नाही, संगीत बदलत नाही, पडद्यावर काही झळकत नाही. ज्या मुलीला स्वतःला काय वाटते हे सांगण्याचे शब्द अजून मिळालेले नाहीत, ती ते गोष्टीत लिहून ठेवते आणि वर्षांनंतर मोठी बहीण रात्री दोन वाजता तो कागद हातात घेऊन उभी राहते. माणसाची ओळख त्याला एका दिवसात सापडत नाही, ती आधीपासून कोपऱ्याकोपऱ्यात पडलेली असते, हे इतक्या साधेपणाने सांगितलेले मी दुसऱ्या कुठल्याही खेळात पाहिलेले नाही.

असाच दुसरा कागद शाळेच्या गृहपाठाचा आहे. स्त्रीच्या प्रजननचक्राची माहिती क्रमाने लिहा, असा प्रश्न दोघी बहिणींना आपापल्या वर्षी आलेला आहे. कॅटलिनने नीटनेटके, अचूक उत्तर लिहिले आहे. सॅमने त्याच मुद्द्यांना धरून युद्धकाळातली एक गोष्टच लिहून टाकली आहे आणि शिक्षकांनी भेटायला बोलावल्याचा शेरा त्यावर आहे. दोन कागद शेजारी ठेवले की दोन बहिणी उभ्या राहतात. सॅम केवळ मुलींवर प्रेम करणारी मुलगी म्हणून आपल्यासमोर येत नाही. हट्टी, विनोदी, थोडी आतल्या गाठीची, गोष्टी रचल्याशिवाय राहू न शकणारी अशी ती आहे आणि लॉनीवरचे तिचे प्रेम या सगळ्या स्वभावातूनच वाट काढत येते. वायव्य अमेरिकेतल्या ‘रायट गर्ल’ या स्त्रीवादी पंक संगीताच्या चळवळीतल्या ‘ब्रॅटमोबाइल’ आणि ‘हेवन्स टू बेट्सी’ या बँडच्या कॅसेट घरात जागोजागी पडल्या आहेत, त्या टेपमध्ये घालून वाजवता येतात, आणि दोघी मिळून झेरॉक्सवर छापायचे छोटे मासिक काढतात. ते ठिकाण, ते वर्ष आणि त्या वयाचा राग हे सगळे त्या आवाजात आहे.

इथे थोडे थांबून इतर खेळांकडे पाहणे आवश्यक आहे, कारण तुलनेशिवाय या लेखनाचे मोल कळत नाही. ‘स्टार्ड्यू व्हॅली’ हा २०१६ सालचा शेतीचा खेळ मला मनापासून आवडतो. त्यात आपला शेतकरी स्त्री असो वा पुरुष, गावातल्या लग्नाळू मुलामुलींपैकी कोणाशीही लग्न करता येते आणि गावात कोणी भुवई उंचावत नाही. ही मोकळीक मोलाची आहे. पण तिथे समोरच्या पात्राची ओळख आपण काय निवडतो त्यावर ठरते. आपण विचारले नाही तर त्या पात्राचा तो पैलू जवळपास अस्तित्वातच नसतो. ‘ओव्हरवॉच’ या लढाईच्या खेळातल्या ट्रेसर या नायिकेची जोडीदार स्त्री आहे हे डिसेंबर २०१६ मध्ये एका चित्रकथेतून जाहीर झाले, प्रत्यक्ष खेळातल्या लढायांमधून ते कोणाला उमगले नसते. याउलट २०१४ च्या ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’मधला डोरियन हा जादूगार समलिंगी आहे, ते खेळाडूच्या मर्जीवर अवलंबून नाही, आणि मुलगा ‘सुधारावा’ म्हणून रक्तविधीचा घाट घालणाऱ्या बापासमोर तो उभा राहतो तो प्रसंग मी कधी विसरणार नाही. तरीही तिथे आपण त्याचे बाहेरचे मित्र आहोत. घरी काय घडले ते आपल्याला तो सांगतो तेव्हा कळते.

‘गॉन होम’ आपल्याला घरातले माणूस करतो. आपण सॅम नाही, लॉनीही नाही. आपण तिची मोठी बहीण आहोत, जी हे सगळे घडत असताना तिथे नव्हती. सॅमचे आयुष्य आपल्या निवडीने बदलत नाही, कारण जे घडायचे ते घडून गेलेले आहे. आपल्या हातात उरते ते फक्त वाचणे, समजून घेणे आणि उशीर झाल्याची टोचणी सहन करणे. संवादाचे पर्याय नाहीत, बरेवाईट शेवट नाहीत. काही जणांनी याच कारणावरून हा खेळच नाही असा आक्षेप घेतला आणि ‘वॉकिंग सिम्युलेटर’, म्हणजे नुसते चालत फिरायचा खेळ, हा शब्द हिणवण्यासाठी वापरला. मला तो आक्षेप पटत नाही. दुसऱ्याच्या आयुष्यापुढे आपले काही चालत नाही, ही जाणीव देण्यासाठीच हातातले नियंत्रण इतके कमी ठेवलेले आहे.

या नियंत्रणातल्या दोन बारीक गोष्टी मला विशेष सांगायच्या आहेत. पहिली म्हणजे, कोणतीही वस्तू उचलली की ती जमिनीवर टाकण्याबरोबरच ‘होती तिथे परत ठेवा’ असा पर्याय पडद्यावर येतो. तो वापरण्याची सक्ती नाही, त्याबद्दल बक्षीस नाही. पहिल्या अर्ध्या तासात मी चोरासारखी सगळे विस्कटत गेले, आणि नंतर केव्हातरी, कोणी न सांगता, प्रत्येक पुस्तक, प्रत्येक कप, प्रत्येक घडी केलेला कागद जागच्या जागी ठेवू लागले. एखाद्याच्या खोलीत त्याच्या परवानगीशिवाय शिरल्यावर वागण्याची जी किमान रीत असते, ती या एका कळीने मला आठवून दिली. दुसरी गोष्ट म्हणजे, सॅमने लॉनीबरोबरच्या पहिल्या जवळिकीबद्दल लिहिलेला एक कागद. तो उचलला की आपण दोन-चार ओळी वाचतो न वाचतो तोच कॅटलिन तो आपण होऊन खाली ठेवते आणि पुन्हा उचलला तरी पुढे वाचू देत नाही. पडद्यासमोरच्या माणसाला कितीही कुतूहल असले तरी ती बहीण आहे आणि बहिणीने इथे थांबायचे असते. समलिंगी स्त्रियांचे प्रेम दुसऱ्यांच्या डोळ्यांना सुखावण्यासाठी वापरण्याची सवय या माध्यमाला बराच काळ जडलेली आहे. तो कागद पूर्ण न वाचू देणे हे त्या सवयीला दिलेले नेमके आणि सभ्य उत्तर आहे.

आता आईवडिलांकडे येते. सॅम घरी सांगते. ओरडा बसेल, निराशा दिसेल, यासाठी तिने मन घट्ट केलेले असते. घडते ते वेगळेच : आईवडील तिच्यावर विश्वासच ठेवत नाहीत. हे वयाचे आहे, तू गोंधळली आहेस, योग्य मुलगा भेटला की जाईल, असा त्यांचा सूर असतो. आपल्याला रागावण्याइतकेही यांनी खरे मानले नाही, ही सॅमची वेदना रोजनिशीच्या त्या पानात आहे आणि ती ऐकताना माझा हात माउसवर तसाच थांबला. माझ्या धाकट्या भावाने घरी सांगितले तेव्हा मी बंगळुरूला नोकरीला होते. आईने मला फोनवर जे सांगितले ते असे होते : “वय आहे गं, जाईल. लग्न झालं की सगळं आपोआप ठीक होतं.” ती चिडली नव्हती, रडली नव्हती, तिने त्याला त्या रात्रीही त्याच्या आवडीची शेपूची भाजी करून वाढली होती. मला तेव्हा हायसे वाटले होते की घरात भांडण झाले नाही. हायसे वाटून घेण्यासारखे त्यात काही नव्हते, हे मला या खेळाने दोन वर्षांनी समजावले. आपल्याकडे घराबाहेर काढणाऱ्या आईबापांच्या कहाण्या सांगितल्या जातात, आणि त्या सांगायलाच हव्यात, पण प्रेमाने, जेवायला वाढत वाढत नाकारणाऱ्या घरांबद्दल फार कमी लिहिले जाते. म्हणूनच ऑरेगनमधल्या एका पानभर मजकुराने मला माझ्या स्वयंपाकघरात आणून उभे केले.

आईवडील खलनायक नाहीत, हेही लेखकांनी जपले आहे. वडील टेरेन्स हे अपयशी कादंबरीकार आहेत, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येला काळप्रवासाची जोड देऊन त्यांनी लिहिलेल्या पुस्तकांचे गठ्ठे घरात पडून आहेत आणि पोटासाठी ते घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांची परीक्षणे लिहितात. १९६३ या, म्हणजे त्या हत्येच्या, सालाभोवती ते आयुष्यभर का घुटमळत राहिले याचे धागे तळघरात सापडतात आणि मामांच्या या घरात त्यांच्या बालपणी काहीतरी भयंकर घडले असावे असे ते सुचवतात. वनखात्यात काम करणारी आई जॅनिस संसारात एकटी पडली आहे. त्या रात्री दोघे घरी नाहीत ते जोडप्यांसाठीच्या समुपदेशनाच्या शिबिराला गेल्यामुळे. लेकीचे ऐकून न घेणारी ही माणसे स्वतःही कोणाला काही सांगू न शकलेली आहेत, ही गोष्ट खेळ कुठेही शब्दांत सांगत नाही.

काळाची बंधनेही पार्श्वभूमीला नेमकी आहेत. लॉनी शाळेतल्या लष्करी प्रशिक्षण पथकात आहे आणि सैन्यात जाणे हे तिचे लहानपणापासूनचे स्वप्न आहे. अमेरिकी सैन्यात १९९४ पासून असा नियम लागू होता की समलिंगी व्यक्तीने आपली ओळख लपवली तरच तिला नोकरीत राहता येईल. तो २०११ मध्ये संपला. ऑरेगनमध्ये १९९२ आणि १९९४ या दोन्ही वर्षी समलिंगी लोकांविरुद्धचे प्रस्ताव मतदानाला आले आणि दोन्ही वेळा फेटाळले गेले. म्हणजे ज्या शाळेत सॅम आणि लॉनी एकमेकींचा हात धरत होत्या, त्या शाळेतल्या मुलांच्या घरी जेवणाच्या टेबलावर या विषयावर मतदान कसे करायचे याची चर्चा नुकतीच होऊन गेलेली असणार. त्यामुळे लॉनीपुढचा पेच तात्त्विक राहत नाही. नोकरी की सॅम, असा तो सरळ आणि क्रूर प्रश्न आहे.

खेळावरचा माझा मुख्य आक्षेप त्याच्या भीतीच्या वापराबद्दल आहे. फोनला जोडलेल्या निरोप नोंदवणाऱ्या यंत्रात रडवेल्या आवाजातले निरोप आहेत, न्हाणीघरातल्या टबमध्ये रक्तासारखा लाल डाग आहे जो केसांच्या रंगाचा निघतो, विजा चमकतात, फळ्या करकरतात आणि माळ्याकडे जाणाऱ्या झडपेभोवती लाल दिवे लावलेले आहेत. खेळ जसा पुढे सरकतो तशी एक शंका घट्ट होत जाते की माळ्यावर सॅमचे प्रेत सापडणार. ही शंका आपल्या मनात अशीच आलेली नसते. समलिंगी पात्राच्या प्रेमाचा शेवट मरणातच करण्याची कथांची जुनी खोड आपल्याला पाठ झालेली असते आणि लेखकांनी तिच्यावरच ही भीती उभारली आहे. माळ्यावर प्रत्यक्षात सॅमची फोटो धुण्याची खोली आहे आणि रोजनिशीचे शेवटचे पान आहे : सैन्यात निघालेली लॉनी सेलम शहरात बसमधून उतरली, तिने सॅमला फोन केला आणि दोघी एकत्र निघून गेल्या. पहिल्या वेळी मी सुटकेने रडले. दुसऱ्या वेळी मात्र मला प्रश्न पडला की ज्या तरुण मुलामुलींना आत्महत्येची भीती कथेतली वाटत नाही, त्यांना या पायऱ्या चढायला लावणे कितपत योग्य आहे. माझ्या मते लेखकांनी हा धोका जाणूनबुजून पत्करला आणि अपेक्षित शेवट नाकारून त्याची भरपाई केली, तरीही खेळायला देताना मी प्रत्येकाला एवढे आधी सांगते की घरात कोणीही मेलेले नाही. त्याने गूढ थोडे कमी होते, पण कोणाच्या छातीवर दगड राहत नाही.

दुसरी उणीव लॉनीची आहे. ती आपल्याला फक्त सॅमच्या प्रेमात पडलेल्या नजरेतून दिसते, आणि आपले सारे स्वप्न सोडून बसमधून उतरण्याचा निर्णय तिने कसा घेतला याचा तिच्या बाजूचा एकही कागद सापडत नाही. शेवट सुखाचा आहे म्हणून तो प्रश्न दबतो. सतरा-अठरा वर्षांच्या दोन मुली, जवळ पैसे नाहीत, घरातून विकता येतील अशा वस्तू उचलून निघालेल्या, यांचे पुढच्या महिन्यात काय झाले असेल, हे मला आजही छळते.

ज्यांना हा खेळ घ्यायचा आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. प्रसिद्धीच्या वेळी त्याची किंमत वीस डॉलर होती आणि दोन-तीन तासांच्या खेळाला ती जास्त आहे अशी तक्रार तेव्हा झाली. आता स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात सवलतीत तो बराच स्वस्तात मिळतो आणि तेव्हाच घ्यावा. फार ताकदीचा संगणक लागत नाही. कन्सोलवर आणि आयफोनवरही तो आलेला आहे. इंग्रजी हस्ताक्षर वाचण्याची तयारी हवी, मराठीत अर्थातच तो नाही, पण आवाजासाठी सबटायटल आहेत आणि ती सुरू ठेवावीत. खेळ एका बैठकीत, कानांना हेडफोन लावून खेळावा. २०१४ मध्ये त्याला ‘बाफ्टा’ या ब्रिटिश चित्रपट-दूरचित्रवाणी अकादमीचा पदार्पणातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. ज्यांना याच वाटेने पुढे जायचे आहे त्यांनी २०२० चा ‘टेल मी व्हाय’ खेळून पाहावा. त्यात अलास्कातल्या जुळ्या भावंडांपैकी टायलर हा पारलिंगी पुरुष आहे आणि त्याला आवाजही ऑगस्ट एडन ब्लॅक या पारलिंगी अभिनेत्यानेच दिला आहे. लेखन ‘गॉन होम’इतके कसदार नाही, पण टायलर घरी परतल्यावर गावातली माणसे त्याच्याशी बोलताना जशी अडखळतात, ते प्रसंग उत्तम उतरले आहेत.

गेल्या दिवाळीत भाऊ घरी आला होता तेव्हा मी त्याला हा खेळ लावून दिला आणि शेजारी बसले. कप्तान अलेग्राच्या गोष्टींचे सगळे कागद त्याने शोधून शोधून वाचले, प्रत्येक कागद परत ठेवला. आईवडिलांच्या उत्तराचे पान आले तेव्हा आई आतून फराळाची ताटली घेऊन आली आणि पडद्यावर काय चालले आहे म्हणून विचारू लागली. त्याने आवाज कमी केला नाही. सबटायटल दिसत होती, ती तिने चष्मा लावून सावकाश वाचली, आणि ताटली हातात धरूनच पान संपेपर्यंत ती तिथे उभी राहिली.